ग्रीन टी कडू लागतो तो पाण्यामुळे

ग्रीन टी कडूच असतो, असं अनेकजण म्हणतात. एकदा उकळतं पाणी 75-80 अंशांपर्यंत निवू द्या आणि पत्ती दोनच मिनिटं मुरवा. तोच चहा गोडसर लागतो!

दोन चहांची तुलना करायची असेल तर मात्र उलट: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्यात 2 ग्रॅम पत्ती, झाकून 6 मिनिटं. चवपरीक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण हेच. चहा कडक होतो, पण दोष लपत नाहीत. मी आसाम सीटीसी (क्रश-टेअर-कर्ल, म्हणजे दाणेदार चहा) आणि दार्जिलिंग असेच शेजारी ठेवून प्यायलो. सीटीसीची पानं चिरडून, फाडून, वळवलेली असल्याने रंग झटकन उतरतो, दुधातही चव टिकते. दार्जिलिंगमध्ये दूध नकोच, खरंच; तो फुलांसारखा दरवळ लगेच हरवतो. आणि घोट सुर्रकन ओढून घ्या, वास नाकापर्यंत चढतो.