गोळी घरी काढायची नसते

बंदुकीची गोळी लागली आणि जखम किरकोळ असेल तर चिमट्याने गोळी काढून हळद दाबावी, असं एकांनी लिहिलंय. कृपा करून हे करू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना जुलै १८८१ मध्ये गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं घालघालून ती शोधली, सापडली नाहीच. जखम चिघळली आणि ७९ दिवसांनी ते गेले. (सिनेमात मात्र सुरी तापवली की काम फत्ते!)

घाई रक्त थांबवण्याची करायची. स्वच्छ सुती कापड, नसेल तर ओढणी, घडी करून तळव्याने गच्च दाबून धरा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका, धरत आलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. कपडे सारून मागची बाजूही बघा, गोळी आरपार गेली असेल तर तिकडूनही रक्त जात असतं. चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. आणि १०८ लावा.

छर्ऱ्याचं भोक टिकलीएवढं दिसतं, पण आत कुठवर गेलाय ते एक्स-रेतच कळतं. पोलीस केस म्हणून घाबरू नका: आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय.