सल्ला हवा: गच्चीवरच्या ड्रममधला सोनचाफा, पाने पिवळी पडतात आणि कळ्या गळतात

गच्चीकर
नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर वेलणकर जातीचा कलमी सोनचाफा आहे. तपशील एकदमच देतो.

200 लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून त्याच्या अर्ध्या भागात झाड लावले आहे. तळाला चार भोके. माती बांधकामाच्या जागेवरची काळी, त्यात निम्मे शेणखत. वय दोन वर्षे, उंची साडेचार फूट. ऊन सकाळी आठ ते दुपारी तीन. पाणी रोज एक बादली. बोअरचे, आणि आरओ फिल्टरमधून वाया जाते तेही. खत महिन्यातून एकदा मूठभर डीएपी, शिवाय अंड्यांच्या टरफलांची पूड आणि थोडी राख.

लक्षणे: शेंड्याकडची नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. जुन्या पानांच्या कडा करपल्यात. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की काळ्या पडून गळतात. सध्या फेब्रुवारी, नवी पालवी सुरू आहे.

आतापर्यंत मिळालेले सल्ले: एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला, महिनाभर पाणी तोडा म्हणजे बहर येईल, फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकवा आणि दुसऱ्या कुंडीत लावा. यातले काय करू?

मुळारंभ
फांदी सुकवून लावायचा आणि पाणी तोडायचा, हे दोन्ही सल्ले आधी बाजूला ठेवा. ते देवचाफ्याचे आहेत. नाव दोघांचेही चाफा, पण नाते काही नाही. देवचाफा कण्हेर-सदाफुलीच्या कुळातला. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, जाड फांदीत पाणी साठलेले असते. म्हणून त्याची फांदी सुकवून लावली तरी जगते आणि पाणी तोडलेलेही चालते. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, सदाहरित, ओलसर जंगलात वाढणारा. त्याला चीक नाही की पाण्याचा साठा नाही. त्याची फांदी आठवडाभर सुकवली तर तिचे सरपण होईल, आणि पाणी तोडले तर आहे ती पालवीही जाईल.

आता तुमचे झाड. नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. मॅग्नेशियम कमी असते तेव्हा पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसतो, म्हणून एप्सम सॉल्टचा इथे उपयोग नाही. मातीत लोह बहुधा आहेच, पण ती चुनखडीची झाली की लोह विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. तुमची काळी माती, बोअरचे जड पाणी, राख आणि टरफले, चारही गोष्टी त्याच दिशेने ढकलतात. वर डीएपीतला जादा स्फुरद (फॉस्फरस) लोहाला आणखी अडवतो.

जुन्या पानांच्या कडा करपतात त्या क्षारांमुळे. आरओचे वाया जाणारे पाणी म्हणजे फिल्टरने मागे टाकलेले सगळे क्षार. फरशी पुसायला वापरा, सोनचाफ्याला एक तांब्याही नको.

चाचणी घरीच होईल. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, वर पांढरे व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी भरपूर आहे. सामू (पीएच) मोजायच्या कागदी पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. सोनचाफ्याला 5.5 ते 6.5 सामू मानवतो. सातच्या वर गेला की पिवळेपणा सुरू होतो.

गच्चीकर
व्हिनेगर टाकून पाहिले, चांगलेच फसफसले. पट्टीवर बोअरचे पाणी 8 च्या आसपास. माती आत्ताच बदलू का?

मुळारंभ
आत्ता नको. सोनचाफ्याची मुळे मांसल आणि ठिसूळ, तुटली की लवकर भरून येत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर मुळे दुखावली तर एप्रिलच्या वाऱ्यात झाड माना टाकेल. पाऊस नीट लागल्यावर, जूनअखेर ते जुलैत बदला. तोपर्यंत असे करा:

डीएपी, राख, टरफले आजपासून बंद. वरचा इंचभर थर, पांढरी पापुद्री असेल तर तिच्यासकट, हलक्या हाताने खरवडून काढा.

मग क्षार धुवा. महापालिकेचे नळाचे पाणी घ्या, ते धरणाचे असल्याने बोअरच्या मानाने बरेच हलके असते. 100 लिटर पाणी एका सकाळी, दहा-दहा लिटर करून, प्रत्येक वेळी निथळू देत. पण त्याआधी भोके वाढवा, चार भोकांतून हे पाणी निघणार नाही. ड्रम विटांवर असेल तर खालून, नाहीतर बाजूने तळापासून दोन इंचांवर, 12 मिमीची सात-आठ भोके पाडा.

लोहासाठी ‘आयर्न ईडीडीएचए’ (Fe-EDDHA) हे चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह कृषी सेवा केंद्रात मागा. तांबडी-काळी दाणेदार पूड असते. 5 ग्रॅम 5 लिटर पाण्यात, ओल्या मातीवर, संध्याकाळी. महिन्याने पुन्हा एकदा. नाव वाचून घ्या: दुकानात ‘ईडीटीए’ पुढे करतात, ते स्वस्त असते, पण सामू सातच्या वर गेला की मातीत टिकत नाही.

ते मिळेपर्यंत हिराकशीची (फेरस सल्फेट) फवारणी करा. 1 लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, मग 5 ग्रॅम हिराकस. द्रावण फिकट हिरवट राहिले पाहिजे. तांबूस झाले तर त्यातले लोह वाया गेले, टाकून द्या. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून-वरून फवारा, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. फरशीवर पडले तर गंजाचे डाग जात नाहीत, खाली जुने पोते अंथरा. आधीच पिवळी पडलेली पाने पुरती हिरवी होणार नाहीत. फरक नव्या पानांवर पाहा, दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतो.

बोअरचेच पाणी घालणे भाग असेल तर 10 लिटरच्या बादलीत अर्धा चहाचा चमचा लिंबूफूल टाका, ढवळा, अर्धा तास थांबा, पट्टी बुडवा. 6 ते 6.5 यायला हवे. प्रत्येक बोअरला प्रमाण वेगळे लागते, त्यामुळे पहिल्यांदा पाव-पाव चमच्याने वाढवत मोजाच.

परसदार
कळ्यांबद्दल एक शंका. गळतात त्या नक्की फुलांच्याच कळ्या आहेत का? सोनचाफ्याच्या शेंड्याला लांब, टोकदार, लव असलेली कळी असते, ती पानाची. ती उघडताना वरचे तपकिरी आवरण गळून पडते. खाली त्या टोप्यांचा सडा दिसला की पुष्कळजण घाबरतात. फुलाची कळी पानाच्या बगलेत, आखूड देठावर येते आणि जराशी फुगीर असते. तिलाही लवदार आवरण असते आणि तेही गळते. देठासकट पडत असेल तरच काळजी.

गच्चीकर
देठासकटच पडतात. आत उघडून पाहिली तर काळपट.

परसदार
मग पाणी. रोज एक बादली, चिकण काळी माती आणि चार भोके, म्हणजे वर सुके आणि तळाला चिखल. मुळांना हवा मिळाली नाही की झाड आधी कळ्या सोडते, मग पाने. बोटाने वरची ओल पाहून अर्ध्या ड्रमात काही कळत नाही. फूटभर बांबूची काडी कडेने खुपसून दहा मिनिटांनी काढा. खालचे अर्धे टोक ओले आणि मातीने माखलेले असेल तर त्या दिवशी पाणी नाही. खालची तीन-चार बोटे जेमतेम दमट असतील तर भरपूर द्या, खालून निथळेपर्यंत. फेब्रुवारीत तीन दिवसांनी पुरेल, एप्रिल-मेमध्ये रोज लागेल.

उलट चूकही तेवढीच होते. मे महिन्यात माती एकदा पूर्ण सुकली आणि मग भरमसाठ पाणी पडले, तरी कळ्या जातात. तेव्हा बुंध्यापासून चार बोटे सोडून सुक्या पाल्याचे दोन-तीन इंच आच्छादन करा आणि पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी बांधा. गच्चीवरचा तापलेला वारा उन्हापेक्षा जास्त नुकसान करतो. शिवाय सोनचाफ्याची फांदी ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फाट्यापाशी चिरते. काठीचा आधार लागेल.

ओलीमाती
जुलैत माती बदलाल तेव्हा हे मिश्रण घ्या: कोकणातली जांभ्याची लाल माती 2 भाग, धुतलेले कोकोपीट 1, कुजलेला पाला किंवा गांडूळखत 1, जाड नदीची वाळू अर्धा भाग. 100 लिटरला निंबोळी पेंड अर्धा किलो. लाल माती म्हणून मुरूमही विकतात, व्हिनेगरची चाचणी तिच्यावरही करा. समुद्राची वाळू नको, तिच्यात शिंपल्यांचा चुना आणि मीठ. क्रश सँडची बारीक भुकटी भोके बुजवते. पाडकामाच्या विटांचे तुकडेही नकोत, त्यांना चुना-सिमेंट चिकटलेले असते. तळाला खडीचा थर घालायची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहते आणि मुळांची जागा कमी होते. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे.

झाड वर ओढू नका. दोन दिवस आधी पाणी कमी करा, ड्रम आडवा करा, बाजू उभी कापून काढा. मुळांचा गड्डा अख्खा राहिला पाहिजे. बाहेरची दोन इंच काळी माती बोटांनी सैल करून पाडा, आतली राहू द्या. नव्या ड्रमात कलमाचा सांधा मातीच्या किमान चार बोटे वर हवा. सांध्यावर अजून प्लास्टिकची पट्टी असेल तर कापा, नाहीतर खोड आवळते आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडते. सांध्याच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा मुळापासून काढा. ते रोपट्याचे खोड, कलमाचे नव्हे, आणि ते जोरात वाढून कलमाला मागे टाकते.

वजनाचाही विचार करा. अर्धा ड्रम ओला असताना सव्वाशे-दीडशे किलो भरतो. स्लॅबच्या मधोमध नको, तुळई किंवा खांबाच्या डोक्यावर ठेवा.

लिंबोणी
धाग्यातच विचारते: बी लावून सोनचाफा येतो का? शेजारच्या ताईंकडे झाडाला घोस लागलेत.

ओलीमाती
येतो, पण फुलायला सात ते दहा वर्षे लागू शकतात आणि रंग-वास आईसारखा असेलच असे नाही. कलमाला वर्ष-दोन वर्षांत फुले येतात. तरी हौस असेल तर फळ उकलून लाल गर दिसला की लगेच काढा, गर पाण्यात चोळून धुवा आणि आठवड्याच्या आत पेरा. बी वाळले की मेले. उगवायला दोन-तीन महिने लागू शकतात, पिशवी फेकू नका. ताईंना एवढे सांगा की फुलांसाठी झाड ठेवले असेल तर घोस कोवळे असतानाच तोडावेत. फळे पोसण्यात झाडाचा जोर जातो.

विकत घेताना जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा दिसतो का ते पाहा. सरळ गुळगुळीत खोडाचे तीन फुटी ‘कलम’ स्वस्तात मिळाले तर ते बियांचे रोप समजा.

दूरदेशी
न्यू जर्सीत 15 गॅलनच्या कुंडीत आहे. घरात आणला की दरवर्षी निम्मी पाने झडतात.

मुळारंभ
रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसपर्यंत उतरायची वाट पाहू नका. 13-14 असतानाच, हीटर सुरू होण्याआधी आत घ्या, म्हणजे कोरड्या हवेचा धक्का कमी बसतो. दक्षिणेची खिडकी, वर दिवसाला 12 तास वाढीचा दिवा, हीटरच्या झोतापासून दूर. प्रकाश कमी म्हणून पाणीही निम्म्याहून कमी. हिवाळ्यात झाडे जातात ती बहुधा ओल्या कुंडीमुळे. खत मार्चपर्यंत बंद. आत आणण्याआधी पानांची खालची बाजू साबणाच्या पाण्याने पुसा, लाल कोळी आणि खवले कीड तिथेच बसून येतात. मे संपताना बाहेर नेताना पहिले दहा दिवस सावलीत.

गच्चीकर
खवले किडीचा विषय निघालाच आहे तर: फांदीवर तपकिरी टिकल्या आहेत, पानांवर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग. आणि दोन हिरव्या अळ्या पाने खातात.

परसदार
टिकल्या म्हणजेच खवले कीड. ती गोड चिकट पाणी सोडते, त्यावर काजळी वाढते आणि मुंग्या त्यासाठीच येतात. जुन्या दातघाशीने साबणाच्या पाण्यात खरवडा. मग 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि 1 मिली पातळ साबण, संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा, असे तीनदा. हिराकशीच्या आणि या फवारणीत तीन-चार दिवसांचे अंतर ठेवा, दोन्ही एकत्र कालवू नका. मुंग्यांसाठी खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट नको.

अळ्या बहुधा टेल्ड जे किंवा कॉमन जे या फुलपाखरांच्या. सोनचाफा हे त्यांचे अन्न आहे. साडेचार फुटी झाड दोन अळ्यांनी मरत नाही, राहू द्या. सात-आठ झाल्या आणि शेंडे खायला लागल्या तर हाताने उचलून शेजारच्या खोट्या अशोकावर (उंच, सरळ वाढणाऱ्या) सोडा, तोही टेल्ड जेला चालतो.

गच्चीकर
मनापासून आभार. शेवटचे: छाटणी? झाड सरळ काठीसारखे वर चालले आहे.

परसदार
फूल नव्या फुटीच्या पानांच्या बगलेत येते, म्हणून छाटायचेच, पण थोडे. मधला शेंडा पालवी सुधारल्यावर, मातीबदलानंतर महिन्याने खुडा, फक्त वरची तीन-चार पाने. त्याच वेळी दोन्ही कामे केली तर झाडावर ताण येतो. बगलेतून तीन-चार फांद्या फुटतील, त्या दीड फुटाच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. हाताला फूल लागेल अशी उंची राखायची, ड्रममध्ये सहा-सात फूट पुरे. फुले रोज पहाटे, पाकळ्या किंचित सुटत असताना काढा. आणि लोह देऊन नवी पाने हिरवी होईपर्यंत 19:19:19 (नत्र-स्फुरद-पालाश समप्रमाणात) सारखे कोणतेही विद्राव्य खत देऊ नका. त्यानंतर 2 ग्रॅम लिटरला, पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीतच.