त्सुमि म्हणजे पाप की गुन्हा?

जपानी धड येत नसताना विशीतल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलीने जपानला जाऊन ख्रिस्ती धर्म शिकवायचा तरी कसा, असं कुणीतरी विचारलंय. मी जपानमध्ये नागोया शहरात राहायचो तेव्हा एका अमेरिकन चर्चच्या अशा दोघीजणी शेजारच्या आजींकडे यायच्या. छातीवर काळी नावपट्टी, सायकली दाराशी. त्यातली धाकटी एकदा ‘त्सुमि’वर अडली. जपानीत या एकाच शब्दात पापही आलं आणि गुन्हाही. आजी दचकल्या, "मी कुणाचं काय चोरलंय?" पोरगी लालबुंद झाली, पण लगेच वही काढून म्हणाली, "मग तुम्ही कसं म्हणाल?" पुढचा अर्धा तास आजीच शिकवत होत्या. मला ती मुलगी तेव्हापासून फार आवडली.

हे अडखळणं जुनंच आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानमधल्या कागोशिमाला उतरले ते अंजिरोच्या भरवशावर. हा जपानी माणूस गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला. देवासाठी शब्द ठरला ‘दाइनिचि’, आणि तो निघाला शिंगोन या बौद्ध पंथाचा महावैरोचन बुद्ध! चूक कळल्यावर झेवियरनी ‘देउस’ हा लॅटिन शब्दच धरला. विरोधकांनी त्याचंही ‘दाइ उसो’ केलं, म्हणजे मोठ्ठं खोटं.

जपानीत क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या नंतर, हे आपल्याला मराठीमुळे घरचंच. इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला मात्र अख्खं वाक्य उलटं करावं लागतं, वर आदरार्थी रूपं आहेतच. तिने आधी पाठांतर सोडून अशा आजी शोधाव्यात, असं मला मनापासून वाटतं.