मदत हवी आहे: सिंगापूर – जोहोर बाहरू – बाटम – सिंगापूर, बस आणि बोटीने (सांगलीहून पाच जण)

हळदपेठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जातोय. आम्ही पाच जण आहोत: मी, बायको, मुलगी (११), आई (६३) आणि मावशी (४६). विमान मुंबईहून सिंगापूर आणि परत तसंच, तिकिटं काढून झालीत. मधले तीन दिवस मोकळे आहेत. बेत असा आहे: सिंगापूरहून बसने मलेशियातलं जोहोर बाहरू (पुढे नुसतं जेबी लिहितो), तिथं मुक्काम. दुसऱ्या दिवशी जेबीहून बोटीने इंडोनेशियातलं बाटम, तिथं मुक्काम. तिसऱ्या दिवशी बाटमहून बोटीने परत सिंगापूर.

एजंट म्हणतो, "सगळं ऑन द स्पॉट होतंय, काही काळजी करू नका." तिथंच काळजी वाटायला लागली. कुठल्या देशाचं काय आधी करायचं? बॉर्डरवर बस थांबते का सोडून जाते? मावशीचं शिक्षण नववीपर्यंत, पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आहे, तिला कुठं अडवतील का? आणि हा त्रिकोण उलटा फिरावा का सुलटा?

मिरज_जंक्शन

आधी सिंगापूरचा व्हिसा बघा, बाकी सगळं नंतर. तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरणार, एकदा विमानतळावर आणि एकदा बाटमच्या बोटीतून. ई-व्हिसाच्या कागदावर 'मल्टिपल' आहे ना आणि त्याची शेवटची तारीख दुसऱ्या प्रवेशाच्या पुढची आहे ना, ते पाचही कागदांवर स्वतः वाचा. 'सिंगल' असला तर जेबीला जाताना तो संपला. मग परतीच्या बोटीच्या काउंटरवरच अडवतात, कारण व्हिसा नसलेला माणूस नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी बोटवाल्यांची.

व्हिसाची सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर. त्यावर एजंट स्वतःचं काय लावतो ते वेगळं विचारून घ्या.

मलेशियाला भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे. इंडोनेशियाला मात्र लागतो. व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया माणशी, म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार, आणि लहान मुलांनाही तेवढेच. पाच जणांचे तेरा-चौदा हजार एका रात्रीसाठी जातात, हा हिशेब एजंटने सांगितला नसणार. पासपोर्ट तिन्ही देशांसाठी सहा महिने तरी शिल्लक हवा.

आता फॉर्म. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड पोचायचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत भरायचं, आणि दर प्रवेशाला नवीन. पहिल्या वेळी भरलंय म्हणून बाटमहून येताना चालत नाही. मलेशियाचं एमडीएसी (तिथलं डिजिटल अरायव्हल कार्ड) पोचायच्या तीन दिवस आत. त्यात प्रवासाचा प्रकार 'लँड', शेवटचं ठिकाण सिंगापूर आणि वाहन क्रमांकाच्या जागी बसचा नंबर टाका. इंडोनेशियाचा फॉर्म 'ऑल इंडोनेशिया' नावाचा आहे, त्याचा क्यूआर कोड मिळतो. तिन्ही फॉर्म फुकट आहेत. पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नाही, बंद करा.

अजिंक्यतारा_५२

मावशींबद्दल. ईसीआर म्हणजे नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जाणाऱ्यांची तपासणी. त्या यादीत मलेशिया आणि इंडोनेशिया आहेत, सिंगापूर नाही. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. पण मुंबईत काउंटरवरचा अधिकारी जास्तीचे प्रश्न विचारू शकतो, म्हणून मावशींना रांगेत एकटं सोडू नका. परतीचं तिकीट, तिन्ही ठिकाणचं हॉटेल बुकिंग आणि तुमच्याशी नातं काय हे त्यांना स्वतःला सांगता आलं पाहिजे. पन्नाशी ओलांडली की ही अट जाते, त्यामुळे आईंच्या जुन्या पासपोर्टवर शिक्का असला तरी पुढच्या नूतनीकरणात निघून जाईल.

नावांचंही बघा. आपल्याकडे पासपोर्टात पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून 'गिव्हन नेम' होतं. एजंट बोटीच्या तिकिटावर मधलं नाव गाळतो. व्हिसा, फॉर्म, तिकीट, सगळीकडे पासपोर्टाच्या खालच्या दोन ओळींप्रमाणे पूर्ण नाव ठेवा.

कृष्णाकाठ

बॉर्डर बसने कशी ओलांडतात ते सविस्तर लिहितो, कारण पहिल्यांदा जाणारा माणूस तिथंच गोंधळतो.

सिंगापूरच्या क्वीन स्ट्रीट टर्मिनलवरून दोन बस सोयीच्या: १७० नंबर आणि पिवळ्या रंगाची सीडब्ल्यू२. १७० ला कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. पाच जणांना पाच कार्डं लागणार, म्हणून सीडब्ल्यू२ ची रोख तिकिटं काढणं सोपं. तिकीट फेकू नका, ते पुढं परत दाखवायचंय.

वुडलँड्स चेकपॉइंटला (सिंगापूरच्या बाजूची बॉर्डर) सगळे उतरतात, सामानासकट. बसमध्ये पिशवी ठेवली की ती गेली, कारण ती बस तुमच्यासाठी थांबत नाही. वर जाऊन सिंगापूरचं इमिग्रेशन, मग खाली आपल्या बसच्या नंबरचा फलाट शोधायचा आणि त्याच नंबरची येईल ती बस धरायची. कार्डवाल्यांनी उतरताना टॅप आणि चढताना पुन्हा टॅप करायचं. मग साधारण एक किलोमीटरचा कॉजवे, म्हणजे दोन देशांना जोडणारा समुद्रातला रस्ता. पलीकडे पुन्हा सामानासकट उतरून मलेशियाचं इमिग्रेशन, नंतर स्कॅनर. शिक्का पडला का ते काउंटर सोडायच्या आत बघा, तारीख वाचा. जेबीहून बोटीने बाहेर पडताना हाच शिक्का शोधतात.

लांब पल्ल्याच्या लक्झरी बसचं वेगळं. ती तुमच्यासाठी थांबते, पण ठरावीक वेळच. एकाचं काउंटरवर अडलं तर बाकीच्या प्रवाशांना घेऊन निघते. जेबीपुरतं जायचं असेल तर तिचा काही उपयोग नाही.

वेळ कधी निवडायची हे सगळ्यात महत्त्वाचं. कॉजवेवरून रोज तीन लाखांच्या वर माणसं जातात. शुक्रवारी संध्याकाळी सिंगापूरमधून बाहेर आणि रविवारी संध्याकाळी आत, या दोन वेळा टाळाच. त्यात दिवाळीची सुट्टी दोन्ही देशांना असते आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर सिंगापूरच्या शाळांनाही सुट्टी लागते. मधल्या वारी सकाळी लवकर निघालात तर दोन-अडीच तासांत पलीकडे.

आईंना चढउतार जमत नसेल तर वुडलँड्सहून जेबी सेंट्रलची शटल तेब्राऊ रेल्वे बघा. पाच मिनिटांचा प्रवास, ५ सिंगापूर डॉलर, आणि दोन्ही देशांचं इमिग्रेशन वुडलँड्सलाच उरकतं. अडचण एकच, सुट्टीची तिकिटं आधीच संपलेली असतात.

कॉजवे ओलांडला की फोन मलेशियाचं नेटवर्क पकडतो. सिंगापूरपुरतं सिम असेल तर तिथं नेट बंद, आणि एमडीएसी नेमकं ईमेलमध्ये. सगळ्या पीडीएफ आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आईंची प्रत कागदावर.

हळदपेठ

कृष्णाकाठ, बसचं आता लख्ख कळलं. बोटीचं कुणी सांगेल का? आणि उलटं-सुलटं?

कास_पठारी

तुम्ही लिहिलाय तसाच फिरा. परतीला कॉजवे नको. बाटम ते सिंगापूर बोट तासाभरात सिंगापूरच्या हार्बरफ्रंट धक्क्याला आणून सोडते आणि खालीच एमआरटी (मेट्रो) आहे.

जेबीची बोट स्टुलांग लाउत धक्क्यावरून सुटते. बॉर्डरच्या इमारतीपासून दोनेक किलोमीटर, ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) करा. बाटमच्या बाटम सेंटर धक्क्याला पोचायला दीड-दोन तास लागतात. फेऱ्या सिंगापूर-बाटमएवढ्या नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी आणि हॉटेल नंतर. काउंटरवर बंदराची फी तिकिटाव्यतिरिक्त लागू शकते, थोडे रिंगिट (मलेशियाचं चलन) रोख ठेवा.

घड्याळाचा घोळ लक्षात घ्या. सिंगापूर आणि मलेशिया आपल्या अडीच तास पुढे, बाटम दीडच तास पुढे. म्हणजे बाटमला उतरताच घड्याळ एक तास मागे. तिकिटावरची वेळ नेहमी सुटणाऱ्या बंदराची असते. परतीला सिंगापूरला पोचायची वेळ बघताना एक तास जास्तीचा धरा, त्या संध्याकाळी काही बुकिंग असेल तर ते चुकतं.

परतीचं तिकीट 'ओपन' घेऊ नका. स्वस्त वाटलं तरी त्यात जागा राखलेली नसते, आणि रविवारी संध्याकाळच्या बोटी भरतात. ई-तिकीट असलं तरी काउंटरवरून बोर्डिंग पास घ्यावाच लागतो, तासभर आधी पोचा.

इंडोनेशियाचा व्हिसा घरूनच ऑनलाइन काढा, म्हणजे बाटमला आधी पैशाची रांग आणि मग शिक्क्याची रांग असं होत नाही. पेमेंट अडकलं तर बहुतेक वेळा कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करा. मोठ्या बॅगा सिंगापूरच्या हॉटेलात ठेवून एक-एक सॅक घेऊन फिरा.

वाई_वाला

तेरा-चौदा हजार व्हिसाला घालवण्यापेक्षा बाटम सोडा. बोटीचीच हौस असेल तर सिंगापूरच्या चांगी पॉइंटहून मलेशियातल्या पेंगेरांगला लाकडी बोट जाते. व्हिसा नाही, फॉर्म तेवढे भरायचे.

कास_पठारी

@वाई_वाला, हौशी जोडप्याला ठीक आहे. ती बोट १२ माणसं जमली की सुटते, नाहीतर रिकाम्या जागांचे पैसे आपण भरायचे. ६३ वर्षांच्या आईंना घेऊन धक्क्यावर माणसं मोजत बसायचं? आणि पेंगेरांगहून जेबी शहर लांब आहे, तुमचा मुक्कामाचा बेतच बदलतो. बाटम नको असेल तर जेबीहून बसने मलाक्का करा. लार्किन टर्मिनलहून तीनेक तास, आणि बघायला बाटमपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हळदपेठ

पटलं. घरी मतदान घेतो. बोट हवी म्हणून मुलगी हटून बसलीय, त्यामुळे बाटम बहुतेक राहील. शेवटचं एक: फराळ आणि थोडा कांदा-लसूण मसाला नेऊ का? आणि मावशीची तंबाखूची डबी?

मिरज_जंक्शन

डबी मुंबईतच टाका. खायची तंबाखू, गुटखा, जर्दा सिंगापूरला बंदी आहे, स्वतःपुरतीसुद्धा. सिगारेटला ड्युटी फ्री सवलत नाही, च्युइंगम आणि व्हेपही नको. मलेशियातून आलात तर दारूचीही सवलत मिळत नाही.

चिवडा, चकली, शंकरपाळी खुशाल न्या. पण खसखस सिंगापूरला अमली पदार्थांच्या कायद्यात येते. म्हणजे अनारसे गेले, आणि घरचा कांदा-लसूण मसालाही गेला, कारण आपल्याकडे त्यात खसखस भाजून घालतात. न्यायचाच असेल तर बिनखसखशीचा वेगळा कुटून घ्या. करंजीच्या सारणाचं काय केलंय तेही आईंना विचारा.