मदत हवी आहे : कार्डात पैसे भरले, तरी गेट उघडत नाही

कपाशीवाला (आर्वी तालुका) : पुतण्या शिक्षणासाठी नागपूरला असतो. त्याच्या कार्डात मी गावातून मोबाइलवर पाचशे रुपये भरले, माझ्या खात्यातून रक्कम गेली आणि तसा संदेशही आला, तरीही मेट्रोच्या गेटवर शिल्लक अपुरी असल्याचे दिसते. उद्या सकाळी त्याचा क्लास आहे, तेव्हा लवकर सांगावे.

धाम_नदी : कार्ड कोणते, हे आपण लिहिलेलेच नाही. बँकेचे डेबिट कार्ड आहे, प्रीपेड आहे की कोणी भेट दिलेले आहे?

गोंदियावाला : भेटकार्ड असल्यास विषयच संपला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते 10,000 रुपयांपर्यंतचेच असते, पुन्हा भरता येत नाही आणि त्यातून रोख रक्कमही निघत नाही.

कपाशीवाला : पैसे भरले गेले, म्हणजे ते भेटकार्ड नाही हे उघड आहे. रुपेचे प्रीपेड कार्ड आहे.

संत्राबाग : माझ्या मते केवायसी अर्धवट असावी. किमान माहितीवर दिलेल्या कार्डात महिन्याला 10,000 रुपयेच भरता येतात. पूर्ण केवायसी केल्यास शिल्लक 2 लाखांपर्यंत ठेवता येते. मी सर्वांना आधी तेच करायला सांगतो.

धाम_नदी : भाऊ, प्रश्न पाचशे रुपयांचा आहे, तिथे दोन लाखांची मर्यादा कशाला काढता?

जीपवाला : माझ्या जीपच्या फास्टॅगचेही असेच झाले होते. टोलनाक्याच्या रांगेत उभे राहून रिचार्ज करू नये, घरून निघण्यापूर्वीच करावा.

कपाशीवाला : माझा प्रश्न जीपचा नाही.

बर्डीकर : हे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे मेट्रो-बसच्या प्रवासात चालणारे कार्ड दिसते, जे 4 मार्च 2019 रोजी अहमदाबादेत सुरू झाले. त्यात मोबाइलवरून भरलेली रक्कम आधी बँकेच्या संगणकात जमा होते, आणि गेट मात्र बँकेला न विचारता कार्डाच्या चिपवर लिहिलेली शिल्लकच वाचते, कारण गर्दीच्या वेळी नेटची वाट पाहत थांबणे परवडत नाही. त्यामुळे पुतण्याने तिकीट खिडकीवर कार्ड देऊन 'बॅलन्स अपडेट करा' असे सांगावे. तिथल्या यंत्रावर कार्ड टेकवले की पाचशे रुपये चिपवर चढतील. तोवर पुन्हा पैसे भरू नयेत.

संत्राबाग : तरीही केवायसी करून घ्यावीच.

कपाशीवाला : खिडकीवर रोख दिली तर चालते का?

बर्डीकर : चालते, आणि ती थेट चिपवर जाते, त्यामुळे वेगळे अपडेट करावे लागत नाही. मात्र चिपवर 2,000 रुपयांहून अधिक रक्कम मावत नाही.

कपाशीवाला : पुतण्याला फोन करून कळवले आहे. कार्ड देताना शाखेतील कर्मचाऱ्याने एवढे एक वाक्य सांगायला काय हरकत होती, हे समजत नाही.

जीपवाला : फास्टॅगही असा कुठे टेकवावा लागतो का?

धाम_नदी : नाही.