बोरिंगमधलं फ्लोराईड जिवाणू सांगतील का?

केळापूरचा_पोट्टा: आमचं गाव पांढरकवड्यापासून गाडीनं अर्धा तास. बोरिंगचं पाणी काचेसारखं, चहा तर एक नंबर होते. पण पोरीचे दुधाचे दात पडून नवे आले, त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे. माझे तर कवठाच्या रंगाचे. बाबाले मागं पाहायचं असलं तर सगळं अंग वळवा लागते. पाण्यातल्या फ्लोराईडनं असं होते म्हणे, म्हणून मार्चात पाण्याचा नमुना तपासायले दिला, अजून "पाठवला आहे" एवढंच ऐकतो. परवा वाचलं, विष लागलं की चमकणारे जिवाणू बनवले म्हणे. भेटतात का कुठं? बोरिंगमध्येच सोडले तर?

कल्चरवाली_ताई: सोडू नका जी! जीन बदललेले जिवाणू उघड्यावर सोडायला केंद्राची परवानगी लागते, 1989 पासून नियम आहे.

चमकणारे जिवाणू खरे आहेत. आर्सेनिकचं उदाहरण घ्या. जिवाणूत एक प्रथिन जीनवर कुलपासारखं बसलेलं असते. आर्सेनिक चिकटलं की ते सुटते. त्या जीनच्या मागं उजेड देणारा जीन जोडला की झालं. फ्लोराईड ओळखणारा आरएनएचा (आरएनए म्हणजे जीनची पेशीतली नक्कल) तुकडा येल विद्यापीठात सापडला, 2012 मध्ये. पण गंमत अशी की जिवाणूला फ्लोराईड नकोच असते, तो ते पंपानं बाहेर फेकते. आत टिकलंच नाही तर सांगेल काय? म्हणून जिवाणू फोडून आतला मसाला वाळवून नळीत भरला. फ्लोराईडवाल्या पाण्याचा थेंब टाकला की पिवळा रंग. कोस्टा रिकात प्रत्यक्ष पाण्यावर करून पाहिलं, 2020 मध्ये छापून आलं.

वणीवाला: पिवळा होते कितीले?

कल्चरवाली_ताई: तिथंच गोम आहे. त्यांनी अमेरिकेचा 2 मिलिग्रॅमचा आकडा धरला. आपल्याकडं लिटरमागं 1 च्या आत पाहिजे, दुसरं पाणीच नसलं तर 1.5 पर्यंत चालवतात. म्हणजे 1.7 वाल्या बोरिंगची नळी पांढरीच राहू शकते, अन् आपण खुश! त्यापेक्षा ग्रामपंचायतीत विचारा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना किटवर पाणी तपासायचं शिकवतात. किट कपाटात कुलूपबंद असेल, पण असेल.

वणीवाला: तोवर उकळून प्या भाऊ.

कल्चरवाली_ताई: नाही! फ्लोराईड उडत नाही, पाणी आटते. उलट दाट होते. उघडी विहीर असेल तर तिचं तपासा, बहुतेक वेळा बोरिंगपेक्षा कमी निघते.

केळापूरचा_पोट्टा: अरे बाप्पा, आम्ही तर चांगल्या दोन उकळ्या काढतो. विहीर आहे जी बांधावर. बोरिंग लागल्यापासून तिच्यात कोणी बकेट सोडली नाही. उद्या बेडकं बाजूला सारून नमुना काढतो.