मदत हवी आहे : तोंडाने श्वास घेणाऱ्यासाठी सीपॅपचा मास्क (बडोदा)

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारात राहतो. यांना स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबण्याचा त्रास) आहे, त्यासाठी मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी आलंय. मशीन उत्तम, घोडं अडलंय मास्कपाशी. आधी नाकावरचा घेतला. पण यांच्या नाकाचं हाड वाकडं, झोपेत तोंड उघडतं आणि सगळी हवा तिथूनच बाहेर. सकाळी घशाला कोरड. तोंड मिटलेलं राहावं म्हणून लावलेला हनुवटीचा पट्टा रात्रीतून सरकतो. नाक-तोंड दोन्ही झाकणारा आणला तर मिशीपाशी गळती, पट्टे आवळले की नाकावर वळ. (मिशी काढा म्हटलं तर घरात वेगळाच प्रश्न उभा राहतो!)

आता नाकाखाली बसणारा, नळी डोक्यावरून जाणारा प्रकार बघतोय, रेसमेड कंपनीच्या एफ३०आय मास्कसारखा. मिशीवाल्या कुणी वापरलाय का? कुशीवर वळल्यावर जागेवर राहतो का? आणि मुख्य म्हणजे, रावपुरा-अलकापुरीकडे मशीन चालू करून, आडवं झोपवून मास्क बसवून बघू देणारं कुणी आहे का? वापरलेला मास्क परत कोण घेणार!

तोंडाला टेप लावायचा सल्ला मात्र नको. नाक चोंदलेलं असताना ते धोक्याचं, असं डॉक्टरांनी बजावलंय.